पंचांग हातात घेऊन चिनी सण कसे ओळखायचे, आणि त्याप्रमाणे कामं कशी आखायची

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाला लागणारे काही सुटे भाग चीनमधल्या निंगबोहून येतात. पहिल्या वर्षी मी ऑर्डर दिली ती नाताळच्या सुमारास. तीस टक्के ॲडव्हान्स गेला, समोरून "सुट्टीच्या आधी माल नक्की" असा निरोप आला, आणि जानेवारीच्या मध्यावर सगळं शांत झालं. मेसेजला उत्तर म्हणून लाल कंदिलांची स्टिकरं येत होती, बाकी काही नाही. माल न्हावा शेवाला लागला तो थेट एप्रिलमध्ये, आणि त्यातल्या निम्म्या लॉटचं माप चुकलेलं. मी सप्लायरवर वैतागलो. पण खरी चूक माझीच होती. मी त्यांचा नवीन वर्षाचा दिवस कॅलेंडरवर पाहून ठेवला होता, तो सण कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर दिवाळीत मी एक कागद करून भिंतीला लावतो. चीनशी धंदा असो, तिथे मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत असो, ऑफिसात चिनी सहकारी असोत किंवा नुसतं फिरायला जायचं असो, हा कागद कामाला येतो. तो कसा करायचा ते सांगतो.

आधी सणांच्या तीन वाट्या करा

चिनी सण एकाच कॅलेंडरवर चालत नाहीत. पहिली वाटी तिथीच्या सणांची: वसंतोत्सव म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, कंदिलांचा सण, ड्रॅगन बोटींचा सण, मध्य-शरद म्हणजे मूनकेकचा सण. हे चंद्रावर चालतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. दुसऱ्या वाटीत सूर्यावर चालणारा छिंगमिंग, पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा दिवस. तो आपल्या संक्रांतीसारखा, ४ किंवा ५ एप्रिल सोडून सहसा कुठे जात नाही. तिसऱ्या वाटीत सरळ इंग्रजी तारखांचे दिवस: १ जानेवारी, १ मे, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन, आणि अलीकडचे खरेदीचे सण.

दुसऱ्या-तिसऱ्या वाटीला डोकं लावावं लागत नाही. गोंधळ असतो तो पहिल्या वाटीत, आणि तिथे मराठी माणसाला एक फायदा आहे जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पंचांगावरून तारीख काढायची रीत

चिनी महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. या बाबतीत आपण बीजिंगला जवळचे. आपला अधिक महिना जसा, तसा त्यांचाही असतो आणि नियमही तोच: ज्या चांद्रमासात सूर्याचं संक्रमण होत नाही तो जादा. फक्त आपण निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली) संक्रांत धरतो, ते सायन (ऋतूंवरून मोजलेली) धरतात. दोन्हींत चोवीसेक दिवसांचं अंतर आहे, त्यामुळे त्यांचा अधिक आणि आपला अधिक बहुधा जुळत नाही. २०२५ साली त्यांचा सहावा महिना दोनदा आला. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये.

आता रीत. २२ डिसेंबर शोधा, तिथून पुढची दुसरी अमावास्या पाहा. आपल्याकडे ती बहुतेक वेळा पौष अमावास्या असते, क्वचित माघातली. पंचांगात तिची समाप्तीची वेळ दिलेली असते. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून त्या वेळेत अडीच तास मिळवा. जी तारीख येईल तो चिनी नववर्षाचा पहिला दिवस. सकाळी सूर्योदयाला कोणती तिथी आहे हे ते पाहत नाहीत. अमावास्या ज्या दिवशी संपली तोच दिवस प्रतिपदा. म्हणून आपल्या अमावास्येच्या दिवशीच त्यांची एक तारीख पडते, आणि समाप्ती रात्री उशिरा असेल तर दुसऱ्या दिवशी.

२०२६ घ्या. माघ अमावास्या १७ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. अडीच तास मिळवले की रात्रीचे आठ. तारीख तीच, म्हणून घोड्याचं वर्ष १७ फेब्रुवारीला सुरू.

२०२७ जास्त मजेशीर आहे. २२ डिसेंबर २०२६ नंतरची पहिली अमावास्या ७-८ जानेवारीच्या रात्री, दुसरी ६ फेब्रुवारीला, रात्री साडेनऊला चार-पाच मिनिटं कमी असताना संपणारी. अडीच तास मिळवले की बीजिंगमध्ये मध्यरात्रीला जेमतेम चार मिनिटं उरतात. थोडक्यात वाचलं, बोकडाचं वर्ष ६ फेब्रुवारीलाच. जुन्या गणिताच्या पंचांगात समाप्ती दहा मिनिटं पुढे छापली असेल तर तुमचं उत्तर एका दिवसानं चुकेल. म्हणून दृक्‌गणिताचं, म्हणजे ग्रहांच्या प्रत्यक्ष स्थितीवरून केलेलं पंचांग वापरा, आणि समाप्ती साडेनऊच्या आसपास असेल तर चिनी कॅलेंडरशी एकदा ताडून घ्या.

नववर्ष नेहमी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतं, त्याबाहेरचं उत्तर आलं तर गणित चुकलंय. दुसऱ्या अमावास्येचा नियम क्वचितच मोडतो. २०३४ साली तिसरी धरावी लागेल.

एकदा हा दिवस मिळाला की पुढचं सोपं. अमावास्या मोजत जा. पहिल्या महिन्याचा पंधरावा दिवस म्हणजे कंदिलांचा सण, पाचव्याचा पाचवा दिवस ड्रॅगन बोटींचा, सातव्याचा सातवा छीशी म्हणजे प्रेमिकांचा सण, आठव्याचा पंधरावा मध्य-शरद, नवव्याचा नववा ज्येष्ठांचा दिवस. मध्ये त्यांचा अधिक महिना आला तर तो मोजायचा नाही.

२०२६ साठी उत्तरं अशी: कंदील ३ मार्च, ड्रॅगन बोट १९ जून, मध्य-शरद २५ सप्टेंबर. २०२७ साठी: कंदील २० फेब्रुवारी, ड्रॅगन बोट ९ जून, मध्य-शरद १५ सप्टेंबर.

पंधराव्या दिवशी चंद्र पूर्ण गोल असेलच असं नाही. "पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल" अशी त्यांच्यात म्हणच आहे.

सरकारी परिपत्रक आल्याशिवाय तिकीट काढू नका

सण एका दिवसाचा, सुट्टी किती दिवसांची हे सरकार ठरवतं. दरवर्षी वर्षाअखेरीला स्टेट कौन्सिलकडून, म्हणजे त्यांच्या मंत्रिमंडळाकडून, पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचं परिपत्रक निघतं. २०२५ पासून कायद्यानं ठरलेल्या सुट्ट्या ११ वरून १३ झाल्या: नववर्षाची आदली संध्याकाळ आणि २ मे हे दोन दिवस वाढले. वसंतोत्सवाचे ४, राष्ट्रीय दिनाचे ३, मे दिनाचे २, आणि १ जानेवारी, छिंगमिंग, ड्रॅगन बोट, मध्य-शरद यांचा प्रत्येकी १.

मग आठ-नऊ दिवसांची सुट्टी येते कुठून? शनिवार-रविवार सरकवून. याला थ्याओश्यू म्हणतात. सुट्टीच्या अलीकडचा-पलीकडचा शनिवार किंवा रविवार कामाचा करायचा आणि तो दिवस सुट्टीला जोडायचा. २०२६ मध्ये वसंतोत्सवाची सुट्टी १५ ते २३ फेब्रुवारी, नऊ दिवस. बदल्यात १४ आणि २८ फेब्रुवारी हे दोन शनिवार कामाचे. राष्ट्रीय दिनाची १ ते ७ ऑक्टोबर. बदल्यात २० सप्टेंबरचा रविवार आणि १० ऑक्टोबरचा शनिवार कामाचा. तिथले नोकरदार या प्रकारावर जाम चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. ही सुट्टी नव्हे, उधारी.

आपल्यासाठी याचा उपयोग उलटा. कागदावर सुट्ट्यांबरोबर हे कामाचे शनिवार-रविवारही लिहा. अडलेलं काम अशा दिवशी होऊन जातं, कारण तिकडे सगळे हजर असतात आणि बाकी जगाचे फोन वाजत नसतात.

वसंतोत्सव: कागदावर नऊ दिवस, प्रत्यक्षात सहा आठवडे

गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तेव्हा मुंबईचे काही कारखाने आणि हॉटेलं कशी रिकामी होतात ते आठवा. आता तेच चित्र अख्ख्या देशाचं करा. शेनझेन, निंगबो, यीवू इथले कामगार हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या गावाहून आलेले असतात आणि अनेकांना घरचे लोक वर्षातून एकदाच भेटतात. या प्रवासाला छुनयुन म्हणतात. तो सणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. सरकारी सुट्टीशी कारखान्याच्या सुट्टीचा संबंध थोडाच असतो: गाडीचं तिकीट ज्या दिवसाचं मिळालं त्या दिवशी माणूस निघतो.

म्हणून आखणी मागून पुढे करा. २०२७ चं उदाहरण घेऊ, नववर्ष ६ फेब्रुवारी.

जानेवारीच्या मध्यापासून मशीनवरचे हात कमी व्हायला लागतात. १५ जानेवारीला लाबा येतो, बाराव्या महिन्याचा आठवा दिवस. त्या दिवशी तांदूळ, कडधान्यं, सुकामेवा घालून खीर करतात, आणि तिथून घराची ओढ लागते. मी या दिवसाला उत्पादन संपल्याची तारीख धरतो, सप्लायर काहीही सांगो.

त्याच काळात जहाजात जागा मिळत नाही, भाडं चढतं. त्यामुळे कंटेनर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यातून निघायला हवा. फॉरवर्डरला, म्हणजे जहाजात जागा बघणाऱ्या एजंटला, डिसेंबरच्या मध्यालाच सांगून ठेवा. तपासणी करायची असेल तर ती डिसेंबरअखेर. उत्पादनाला पंचेचाळीस दिवस आणि दोन आठवडे गोंधळाचे धरले तर पीआयवर (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, ऑर्डरचं कच्चं बिल) सही आणि ॲडव्हान्स दिवाळीच्या आधी. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. आपली दिवाळीची गडबड आणि त्यांची वर्षाअखेरची गडबड अशी एकमेकींना चिकटून येते. फराळ झाल्यावर बघू म्हटलं की मेलात.

शिल्लक सत्तर टक्के सुट्टीच्या तोंडावर पाठवू नका. तिकडच्या बँका बंद, पैसे अधांतरी, माल अडकलेला. एकतर आठवडाभर आधी, नाहीतर उघडल्यावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी सुट्टी संपली म्हणजे कारखाना सुरू झाला असं नाही. यीवूचा घाऊक बाजारही साधारण पंधरवडाभर बंद असतो. कंदिलांच्या सणानंतर कुठे गाडी रुळावर येते, आणि येते तेव्हा काही जुने कामगार परत आलेले नसतात. त्यांनी गावाजवळ दुसरं काम धरलेलं असतं. नवे हात, म्हणून पहिल्या लॉटमध्ये रिजेक्शन जास्त. माझ्या त्या चुकलेल्या मापाचं कारण हेच होतं. आता मी मार्चमधला पहिला लॉट मुद्दाम लहान मागवतो, आणि त्यात नवीन डिझाइन कधीच देत नाही.

तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी यादी. रेल्वेचं तिकीट १२३०६ या अधिकृत ॲपवर पंधरा दिवस आधी सुटतं, पासपोर्टवर नोंदणी होते, आणि ती तपासून मान्य व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून आधीच करून ठेवा. वसतिगृहात राहणार असाल तर डाळ-तांदूळ, औषधं, गॅस आठवडाभर आधी भरा. आसपासची छोटी खानावळ, भाजीवाली, केस कापणारा, सगळे गावी गेलेले असतात.

घरी बोलावलं तर

आदल्या रात्रीचं जेवण हा खरा सण. उत्तरेत पीठ मळून घरातले सगळे मिळून डंपलिंग भरतात, आपल्याकडे करंज्यांना बसतात तसे. दक्षिणेत तांदळाच्या पिठाचा चिकट केक असतो. अख्खा मासा जवळपास सगळीकडे, कारण मासा या शब्दाचा उच्चार 'शिल्लक' सारखा होतो. शाकाहारी असाल तर आधीच सांगा: "वो छ्र सू", मी शाकाहारी खातो. तरीही डुकराची चरबी नाही ना, हे वेगळं विचारा. बऱ्याच स्वयंपाकघरांत ती तेलाच्या हिशेबात धरली जाते.

लाल पाकीट, हुंगपाओ, याबाबत आपला हात घसरतो. आपण एकशे एक, पाचशे एक देतो, वरचा रुपया शुभ. मीही सप्लायरच्या मुलीसाठी पाकिटात एकशे एक युआन भरले होते. त्यांच्या हिशेब पाहणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, गप्पकन पाकीट माझ्या हातातून घेतलं, आतला एक काढून माझ्या खिशात घातला आणि आणखी शंभर मागितले. मग समजावलं: तिकडे शुभ कार्याला सम आकडा, आणि दक्षिण चीन, हाँगकाँगकडे एकशे एक देतात ते मयताच्या घरी. मुलगी शेजारीच उभी होती. तर: दोनशे, सहाशे, आठशे चालतात, चार कुठेही नको, त्याचा उच्चार 'मृत्यू' सारखा. नोटा कोऱ्या. दोन्ही हातांनी द्या, दोन्ही हातांनी घ्या, देणाऱ्यासमोर उघडू नका. पाकीट लग्न झालेली मंडळी लहानांना देतात, त्यामुळे बिनलग्नाचे विद्यार्थी सुटले. २०१४ पासून वीचॅटवरही (तिकडचं व्हॉट्सॲप) पाकिटं उडतात; ग्रुपमध्ये आलं तर बिनधास्त टिपा.

भेटवस्तूंत घड्याळ नको, 'घड्याळ देणं' ऐकायला 'अंत्यसंस्कार करणं' सारखं येतं. छत्री नको, नाशपाती नको, दोन्हींत ताटातुटीचा उच्चार. पांढरा कागद नको. पुण्याहून नेताना मी काजूकतली नेतो, लाल कागदात, दोन डबे. एक डबा कधीच नाही.

शुभेच्छा: "शिन न्येन ख्वाय ल", नवीन वर्ष आनंदाचं जावो. धंद्यातल्या माणसाला "कुंग शी फा त्साय", भरपूर कमवा. 'त्साय' चा उच्चार जमवायला आपला चमच्यातला च तयार आहे, हिंदीवाल्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो.

वर्षातले बाकीचे दिवस, भराभर

छिंगमिंगला "शुभेच्छा" पाठवू नका. थडगी झाडायची, नैवेद्य ठेवायचा, कागदी पैसे जाळायचे असा दिवस. सर्वपित्रीला आपण कुणाला हॅपी म्हणत नाही. शांघाय-सूचोकडे हिरव्या पाल्याच्या रसातले तांदळाचे गोळे मिळतात, आत बहुधा गोड लाल चवळीसारखं सारण. ते जरूर खा.

ड्रॅगन बोटींचा सण छ्यू युआन या कवी-मंत्र्याच्या नावानं सांगतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्यानं मीलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन शोधायला धावले आणि माशांनी त्याला खाऊ नये म्हणून भात टाकला, अशी कथा. म्हणून होड्यांच्या शर्यती आणि पानात बांधलेला चिकट भात, झोंगझी. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाणाऱ्याला हा प्रकार परका वाटत नाही, पान सोडवताना येणारा वास अर्धं काम करतो. दक्षिणेकडे आत मांस, उत्तरेकडे खजुरासारखं फळ किंवा गोड सारण, घेण्याआधी विचारा. युनेस्कोच्या वारसा यादीत हा सण २००९ साली गेला, वसंतोत्सव मात्र २०२४ च्या डिसेंबरमध्ये.

सातव्या महिन्याची पंधरावी, भुतांचा सण. सुट्टी नसते, पण दक्षिणेकडे, हाँगकाँग-तैवानकडे बरेच जण या महिन्यात नवीन दुकान, नवीन घर टाळतात. पितृपक्षात आपल्याकडे गाडी बुक करत नाहीत तसंच. करारावर सही लांबली तर उगाच घासाघीस करू नका.

मध्य-शरद माझा आवडता. कुटुंब गच्चीवर, अंगणात, चंद्राखाली. २०२५ साली तो बरोबर कोजागिरीला आला, ६ ऑक्टोबरला. मी मसाला दुधाचा फोटो पाठवला, तिकडून मूनकेकचा आला. २०२६ मध्ये मात्र आपला अधिक महिना मध्ये पडल्यानं तो अनंत चतुर्दशीला येतो: आपण विसर्जनाच्या मिरवणुकीत, ते चंद्र बघत. मूनकेक भेट मिळाला तर जपून. कँटन पद्धतीच्या केकमध्ये कमळबियांच्या गोड सारणात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक असतो, आणि 'पाच सुकामेवा' असं लिहिलेल्यातही चरबी निघते. एक केक चौघांत पुरतो, अख्खा खायला बसू नका. सरकारी अधिकाऱ्यांना खर्चिक पेट्या पाठवायचा विचार सोडा. २०१३ पासून त्यावर कडक नजर आहे.

१ ऑक्टोबरचा आठवडा फिरायला जाण्यासाठी वर्षातला सर्वात वाईट. बीजिंगजवळ बादालिंगला चीनच्या भिंतीवर दगड दिसत नाही, माणसंच दिसतात. धंद्यासाठी जायचं तर कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन १५ ऑक्टोबरला उघडतं, त्याच्या आधीचे तीन-चार दिवस कारखाने बघायला उत्तम. वसंतातली फेरी १५ एप्रिलपासून.

नव्या सणांना देव नाही, सवलत आहे. ११ नोव्हेंबर, चार एकाकी काड्यांसारखे एक, म्हणून एकट्यांचा दिवस. २००९ मध्ये अलिबाबानं त्यावर सेल लावला. १८ जून हा जेडी कंपनीच्या स्थापनेचा दिवस, दुसरा मोठा सेल. २० मे ला '५२०' म्हणतात, कारण उच्चार 'माझं तुझ्यावर प्रेम' च्या जवळ जातो. आपल्याला यातलं एवढंच हवं: नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडची कुरिअर आणि गोदामं तुंबतात. नमुना मागवायचा असेल तर ऑक्टोबरअखेर मागवा.

शेवटी एक खूण कागदाच्या कोपऱ्यात. सप्लायर हाँगकाँगचा असेल तर त्याचा कागद वेगळा करा: तिथे बुद्धजयंती, नवव्याचा नववा आणि नाताळ या सार्वजनिक सुट्ट्या आहेत, थ्याओश्यूचे कामाचे रविवार नाहीत. क्वांगशी या स्वायत्त प्रदेशात तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, निंगश्या आणि शिनच्यांगमध्ये ईदची. युन्नानमधल्या शीश्वांगबान्नात एप्रिलच्या मध्यावर ताय लोक पाणी उडवून नवीन वर्ष करतात. तिथे जायचं तर फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला.